पाणी कुठे वळतं त्यावरून नाशिक : लेणी, गड, नद्या आणि बाकी सगळं

गोदाकाठचा

नाशिकवर अधूनमधून धागे निघतात आणि पाचव्या प्रतिसादापर्यंत गाडी मिसळीच्या रश्श्यावर जाऊन थांबते. म्हणून आधीच हात जोडून सांगतो, मिसळीसाठी वेगळा धागा काढा.

पाहुणे येतात, रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, त्र्यंबक, वेळ उरला तर एखादी वायनरी, आणि रात्री कसारा उतरून घरी. त्यात वाईट काही नाही. पण जिल्हा समजून घ्यायचा असेल तर आधी इथलं पाणी कुठल्या अंगाला उतरतं ते बघावं, असं माझं मत आहे. देवळं, किल्ले, द्राक्षं, टँकर, सगळं त्यामागून येतं.

ब्रह्मगिरीवरून गोदावरी पूर्वेला निघते ती थेट बंगालच्या उपसागराकडे. त्याच त्र्यंबकच्या डोंगररांगेतून वैतरणा पश्चिमेला जाते आणि ऊर्ध्व वैतरणा धरणातून तिचं पाणी मुंबईच्या नळांना पोचतं. वर पेठ-सुरगाण्यात दमणगंगा, नार आणि पार. या गुजरातेत उतरून अरबी समुद्राला मिळतात. आणि केमच्या डोंगरातली गिरणा कळवण, मालेगाव करत खानदेशात तापीला. म्हणजे एकाच पावसाच्या सरीचं पाणी कुठल्या उतारावर पडलं त्यावर त्याचा समुद्र ठरतो.

पावसाचंही तेच. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. दोन्ही एकाच जिल्ह्यात, आणि मधलं अंतर गाडीने दोन-अडीच तासांचं.

ज्याला ज्या भागातलं ठाऊक असेल त्याने लिहावं. फोटो असतील तर उत्तम.

लेणीवेडा

धाग्याची सुरुवात आवडली. पाण्यावरून आलाच आहात तर पांडवलेण्यापासून सुरू करतो. (पांडवांचा काही संबंध नाही, हे बहुतेकांना माहीत असतं, तरी दर वेळी सांगावं लागतं. बौद्ध लेणी आहेत, एकूण २४. शिलालेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी.)

लेणं क्रमांक १० मध्ये उषवदाताचे लेख आहेत. हा क्षहरात वंशातल्या क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई. दानांची यादी देताना तो सांगतो की इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या. पारादा म्हणजे वर आलेली पार आणि दमण म्हणजे दमणगंगा. सह्याद्री उतरून बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवर पावसाळ्यात याच नद्या आडव्या यायच्या. नाशिकच्या डोंगरात बसून कोकणच्या नद्यांवरच्या होड्यांचा हिशेब का लिहिला, याचं उत्तर धागाकर्त्याच्या उतारांत आहे. घाटावरचा माल कोकणातच उतरायचा.

त्याहून मला आवडतो तो त्याच लेण्यातला ठेवीचा लेख. उषवदाताने तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेव म्हणून दिले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता दोन हजारांचं वर्षाचं व्याज काढा : २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा. हिशेब पै न् पै जुळतो. वर हे सगळं निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदवलं, असंही कोरून ठेवलंय.

गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडने पुढे गेल्यावर आजही त्याच नावाचं गाव आहे ते. तेव्हा तिथे अख्खा आहार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठाणं होतं.

कोपरगावचा_पाहुणा

ठेवीवर वर्षाला बारा टक्के! आमच्या पतसंस्थेला हा लेख दाखवतो.

लेणीवेडा

दाखवा, पण मुद्दल परत मिळत नाही ही अटही दाखवा. 😄

पुढची गंमत लेणं क्रमांक ३ मध्ये. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेलं दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षुसंघाला दिलं. गोवर्धनच्या अमात्याच्या नावे तसा हुकूम आहे. नंतर चोविसाव्या राज्यवर्षी दुसरा हुकूम निघाला : आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, तेव्हा नगराच्या सीमेवरची राजाच्या मालकीची शंभर निवर्तनं द्यावीत. क्षेत्र निम्मं झालं, पण गावाजवळ आलं. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळवायला सरकारदरबारी किती खेटे घालावे लागतात ते माहीत असलेल्या कुणालाही हा लेख लगेच समजेल.

गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा प्रसिद्ध लेखही याच लेण्यात आहे. ‘क्षहरात वंश निःशेष करणारा’ हे विशेषण त्यातलं. त्याचा पुरावा सिन्नर तालुक्यात सापडला. दारणा-गोदावरी संगमाजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, तेरा हजारांवर नाणी. सगळी नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. वितळवत बसला नाही. नहपानाचं नाक-डोळे खालून डोकावत असतानाच वर स्वतःचा ठसा ठोकला. नाण्यांची आवड असेल तर अंजनेरीच्या पायथ्याला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघा.

जुन्या_नाशकातली

शिलालेखांपुढे आमच्या गल्ल्यांना कोण विचारतो, तरी लिहिते.

‘नाशिक नव टेकांवर वसविले’ असं आमच्या आजीच्या पिढीत सगळे म्हणायचे. जुनी गढी, पठाणपुरा, म्हसरूळ टेक, महालक्ष्मी टेक, डिंगर आळी, चित्रघंटा अशी ही टेकाडं. नवीन नाशिककरांना ती दिसत नाहीत कारण ते गाडीतून फिरतात. सराफ बाजारातून चालत वर या, दम लागला की समजायचं टेक आलं.

जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासून सातवाहन आणि पुढपर्यंतचे थर एकावर एक मिळाले. म्हणजे वस्ती तीन हजार वर्षांच्या घरातली. आज त्या मातीच्या कड्यावर घरं आहेत आणि दर पावसाळ्यात कडा थोडा थोडा नदीकडे ढासळतो. स्थलांतराच्या नोटिसा लागतात, पाऊस ओसरला की विषय संपतो. इतिहासाचं जाऊ द्या, माणसं राहतात हो तिथे.

पुराचं आमचं मोजमाप वेगळं. धरणातून किती क्युसेक सोडलं ते टीव्हीवाले सांगतात, आम्ही गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघतो. पाणी गुडघ्याला लागलं तर टपऱ्या हलवायच्या, कमरेला आलं की भांडी बाजार आवरायला घ्यायचा, छातीच्या वर गेलं की सराफ बाजारात दुकानदार स्वतः पोती उचलताना दिसतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती पार बुडाला होता. त्याच्याही पुढची खूण म्हणजे नारोशंकराच्या देवळाची घंटा. तिथवर पाणी गेलं की मोठा पूर.

अलीकडच्या पुरांत एक फरक जाणवतो. नदीइतकंच पाणी मागून, सरस्वती नाल्यातून येतं. नाल्यावर रस्ता आणि दुकानं, मग ते जाणार कुठे?

रामकुंडाबद्दलही एक. गोदापात्रातल्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं, त्याखाली झरे दबले. ते काढा म्हणून गोदाप्रेमी मंडळी कोर्टापर्यंत गेली. आपण ज्यात स्नान करतो ते बव्हंशी वरच्या गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी असतं. सिंहस्थात तर आवर्तनाचं, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याचं, वेळापत्रक स्नानाच्या मुहूर्तांवर बसवतात.

गोदाकाठचा

ताई, काळारामाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी भर घालतो. देऊळ बांधलं सरदार रंगराव ओढेकरांनी, पेशवाईत, अठराव्या शतकाच्या अखेरीस. दगड रामशेजच्या खाणीतला. पण माझ्या लेखी त्या देवळाची सर्वांत मोठी तारीख २ मार्च १९३०. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह त्या दिवशी सुरू झाला, दादासाहेब गायकवाड स्थानिक आघाडीवर होते. दरवाजे बंद करून घेतले गेले. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. काळाराम आणि येवल्याची मुक्तिभूमी या दोन जागा सलग बघाव्यात. दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत याचा पर्यटन नकाशांना विसर पडतो.

सातमाळकर

आता डोंगरांवर या.

नकाशा उघडला की पूर्व-पश्चिम पसरलेल्या दोन भिंती दिसतात. उत्तरेला सेलबारी-डोलबारी, तिच्यात साल्हेर, मुल्हेर, मांगी-तुंगी. तिच्या दक्षिणेला सातमाळा : अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, इंद्राई, राजदेर, चांदवड, पुढे अंकाई-टंकाई. मूळ सह्याद्री दक्षिणोत्तर, आणि हे त्याला फुटलेले फाटे. दोन फाट्यांच्या मधून गिरणेचं खोरं, सातमाळ्याच्या दक्षिणेला गोदेचं. खानदेशातून किंवा सुरतेकडून नाशिकला यायचं तर या भिंतींतली खिंड ओलांडायलाच हवी, म्हणून खिंडीगणिक गड.

१६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून महाराज परतत होते तेव्हा दाऊदखानाने अडवलं ते याच रांगेत, कांचन-मांचनच्या खिंडीजवळ. वणी-दिंडोरीची लढाई म्हणतात ती ही. उघड्या मैदानात मोगलांना हरवलं. दीड वर्षाने, १६७२ च्या सुरुवातीला, साल्हेरच्या पायथ्याला त्याहून मोठी लढाई झाली, त्याबद्दल बागलाणकर लिहितीलच. धोडपला मात्र मराठे मराठ्यांशीच लढले. १७६८ मध्ये राघोबादादांना माधवराव पेशव्यांनी इथेच पकडलं.

रामशेज नाशिकहून अर्ध्या तासावर, गड म्हणून किरकोळ. ना उंची, ना गर्द रान. तरी १६८२ पासून पाच-सहा वर्षं औरंगजेबाच्या सरदारांना दाद दिली नाही. किल्ल्यावर लोखंडी तोफ नव्हती, तर झाडांची खोडं पोखरून, कातडं लावून तोफा केल्या, असं खुद्द मोगलांकडचा खाफीखान लिहितो. त्यानेच आणखी एक किस्सा दिलाय. एका मांत्रिकाने सोन्याचा साप करून घेतला, तो हातात धरून फौजेच्या पुढे चालला, आणि गोफणीचा धोंडा छातीवर बसून आडवा झाला. शेवटी किल्ला फितुरीने गेला.

दगडाबद्दल थोडं. हे सगळं दख्खनच्या लाव्ह्याचं, थरावर थर. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराची पायरी. धोडपचा कातळमाथा आणि त्याला लागून निघालेली उभी भिंत लांबून ओळखू येते. अशा भिंती म्हणजे भेगेत घुसून थिजलेला लाव्हा. भोवतालचा मऊ दगड झिजला, ती उभी राहिली.

नवखी_पुणेकर

वाचनखूण साठवली. हरिहरला जायचा विचार आहे, पायऱ्या ८० अंशात आहेत म्हणतात. पावसाळ्यात जमेल का? सोबत आई आहे, वय साठच्या पुढे.

सातमाळकर

अंशांच्या भानगडीत पडू नका, रील बनवणाऱ्यांनी तो आकडा चढवत नेलाय. पायऱ्या खड्या आहेत हे मात्र खरं. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर आसपासचे किल्ले एकामागून एक इंग्रजांकडे गेले, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जसुद्धा या चढाने चकित झाला होता. अलंग-मदनच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, हरिहरच्या राहिल्या.

प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना हात घालायला खोबण्या आहेत. कोरड्या दिवसात, मधल्या वारी गेलात तर त्रास नाही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चढणारे आणि उतरणारे त्याच जेमतेम रुंदीच्या जिन्यावर समोरासमोर येतात, खोबणीत चिखल, आणि मागच्याला मागे सरकायला जागा नसते. आईंना घेऊन तेव्हा अजिबात नको. वनखातं गर्दीवर निर्बंध आणतं, तेही आधी विचारून घ्या.

त्याऐवजी सिन्नरला गोंदेश्वर दाखवा. यादवकाळातलं भूमिज शैलीचं शिवपंचायतन. मधलं देऊळ, चार कोपऱ्यांत चार, समोर नंदीचा मंडप, सगळं एका जोत्यावर. चढ नाही आणि सहसा गर्दीही नाही.

रानवाट

अंजनेरीबद्दल कुणी लिहीना. गड हनुमान जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध, पण वनस्पतीवाल्यांसाठी ती वेगळीच जागा आहे. सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प तिथल्या पठारावर मिळतं. पावसाळ्यात उगवतं, गवतातच असतं, शेजारून गेलात तरी दिसणार नाही. कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत. राखीव संवर्धन क्षेत्र झालं तरी वर मोटाररस्ता नेण्याची टूम निघालीच, आणि अभ्यासकांनी कडाडून विरोध केला. कृपया पायवाट सोडून पठारावर पसरू नका.

नाशिकजवळच बोरगडही आहे. २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेलं. पलीकडे येवला तालुक्यात ममदापूरला काळवीट. पश्चिमेला भिजलेलं रान आणि पूर्वेला माळावरची हरणं, धागाकर्त्याचा पावसाचा मुद्दा प्राण्यांवरूनही कळतो.

बागलाणी

सातमाळकर भाऊंनी हाक मारली म्हणून लॉगिन केलं.

साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. कळसूबाईच्या खालोखाल हेच शिखर. १६७२ च्या लढाईत मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी आले आणि इखलासखानाच्या फौजेची धूळधाण केली. सूर्याजी काकडे तिथेच जंबुरक्याचा (उंटावरच्या छोट्या तोफेचा) गोळा लागून पडले. हे सगळे सांगतात. आमच्या खोऱ्यातली फड पद्धत मात्र कुणी सांगत नाही, आणि मला विचाराल तर बागलाणचा खरा वारसा ती आहे.

मोसम नदीवर ठिकठिकाणी दगड-चुन्याचे बुटके बंधारे आहेत. साठवण जवळजवळ नाही, पाणी अडवून पाटात वळवायचं एवढंच काम. पाटाखालच्या जमिनीचे सहसा चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं : एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा असं, आणि दर वर्षी पिकं फिरवायची. प्रत्येक फडात बहुतेकांचा तुकडा असतो, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड बंद ठेवला तर झळ सगळ्यांना सारखीच. पाणी द्यायला पाटकरी. शेतमालकाने स्वतः दारं फोडायची नाहीत, पाटकरी देईल तेव्हाच पाणी. राखणीला जागल्या. त्यांची मजुरी पूर्वी धान्यात. हे तीनशे-चारशे वर्षं चाललं, सरकारी खात्याशिवाय.

आता विहिरी, बोअर, वरच्या बाजूला धरणं. फड मोडत आले. डाळिंब आलं, त्यामागून तेल्या रोग आला. कांदाचाळी गावोगाव झाल्या. कुणाला एकाच फडात सगळ्यांसोबत गहू लावायला सांगून बघा!

द्राक्षबाग_निफाड

बागलाणी भाऊंचं वाचून ओझरच्या पाणीवापर संस्था आठवल्या. वाघाड प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या संस्था मोजून घेतात आणि मोजून वाटतात, नव्वदच्या दशकापासून. फडासारखं एकच पीक लावायची सक्ती नाही. मोजलेल्या पाण्यात द्राक्ष बसतं का गहू, ते ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्याकडे ऑक्टोबरमधली गोडी छाटणी आटोपली की जानेवारी-फेब्रुवारीतल्या पाण्याची पाळी हाच विषय. बाकी मोसमचा पाटकरी आणि आमच्या संस्थेचा कालवा निरीक्षक, शिव्या दोघांनाही सारख्याच पडत असणार.

पाणथळ

निफाडकर आलेच आहेत तर नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रज काळात बंधारा घातला, कालव्यांसाठी. पुढे गाळ साठत गेला, उथळ दलदल तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. पाटबंधाऱ्याचं जे नुकसान, तेच पक्ष्यांचं घर. २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली.

थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावरून सकाळी बघा. चक्रवाकांच्या जोड्या, थापट्या, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या कडेच्या गवतात. दूर काठावर क्रौंचांचा थवा उतरला तर तास कसा जातो कळत नाही. आता दुसरी बाजू : शहराचं सांडपाणी खाली इथेच येतं, आणि पाणवेलीचा हिरवा गालिचा पसरतो. फोटोत सुंदर दिसतो, खाली पाण्यात ऊन पोचत नाही.

पेठरोड

सगळं वाचलं. पेठ-सुरगाण्याचं नाव नद्यांच्या यादीत आलं आणि गेलं, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पाऊस धो धो. भाताची आवणी, वरईची, नागलीची लावणी गुडघाभर चिखलात होते. आणि मार्च उजाडला की त्याच पाड्यांवर बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. कातळ पाणी धरत नाही, उतार ते थांबू देत नाही, सगळं वाहून गुजरातेत. नार-पारचं पाणी उचलून गिरणेत टाकायची योजना आहे, खानदेशाला फायदा होईल, होऊ दे. पण जिथून उचलणार तिथल्या पाड्याला आधी बारमाही पाणी, हे कुणीतरी लेखी द्यावं.

आणि फिरायला यायचं तर बोहाड्याला या. रात्रभर देवांचे, दैत्यांचे लाकडी आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून सोंगं नाचतात, संबळ वाजतो. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे. मोबाइलचा झोत कुणाच्या तोंडावर मारू नका एवढंच.

कोपरगावचा_पाहुणा

पाणी उचलायचं आहे तर खालच्यांचंही ऐका. दारणेचं आणि गंगापूरचं पाणी नांदूरमध्यमेश्वरवरून आमच्या कालव्यांना येतं, त्यावर आमची शेती उभी राहिली. २००५ च्या कायद्यानंतर समन्यायी वाटपात जायकवाडीचा वाटा निघतो. तुटीच्या वर्षी वरून पाणी सुटलं की नाशिककर ओरडतात, अडलं की मराठवाडा. आमचं कोपरगाव मधे, दोन्हीकडून बोलणी खातं.

जुन्या_नाशकातली

आणि ते सुटतं आमच्या घरावरून, तेव्हा आम्ही मारुतीकडे बघत बसतो.

नवखी_पुणेकर

ठरलं. हरिहर रद्द. पहिल्या दिवशी गोंदेश्वर आणि पांडवलेणी, दुसऱ्या दिवशी पहाटे नांदूरमध्यमेश्वर, येताना येवला. साल्हेर त्याच दौऱ्यात बसेल का?

बागलाणी

नाही बसणार ताई. नाशिकहून सटाणा-ताहाराबाद करत यायलाच अर्धा दिवस जातो, आणि चढ पूर्ण दिवसाचा आहे. वेगळ्या या, डिसेंबरात. मुक्काम मुल्हेर गावात करा, पहाटे साल्हेरवाडीतून चढायला लागा. आई तोवर मुल्हेरमध्ये थांबतील. बंधारा आणि पाट बघायचा असेल तर आदल्या संध्याकाळी मोसमकाठी कुणालाही विचारा, दाखवतील.